लास वेगासचं सांडपाणी बागेला न घालता तलावात का सोडतात?

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो. तुमची मुलगी पुण्याहून नेवाडातल्या हेंडरसनला राहायला गेली आहे आणि तिथे घर घेते आहे. हेंडरसन म्हणजे लास वेगासला चिकटून असलेलं शहर. शेजाऱ्यांनी तिला सांगितलं की घरातला नळ वाहता राहिला तरी फारसं बिघडत नाही, कारण ते पाणी शुद्ध होऊन परत लेक मीड या धरणाच्या तलावात जातं. आणि पिण्याचं पाणीही त्याच लेक मीडमधून येतं. तुमची शंका अशी की हे खरं असेल तर ते पाणी पिण्याजोगं आहे का? आणि वाळवंटातल्या शहराने एवढ्या खर्चाने शुद्ध केलेलं पाणी बागांना, गोल्फच्या मैदानांना द्यायचं सोडून तलावात का ओतावं?

शेजारी म्हणतात ते बऱ्याच अंशी खरं आहे. मी सांडपाणी शुद्धीकरणात काम केलेला इंजिनिअर आहे, अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडची केंद्रं जवळून पाहिली आहेत, आणि आपलं मैलापाणी इतक्या काळजीने जपणारी शहरं मला फार थोडी माहीत आहेत. पण ते असं का जपतात हे टाक्या आणि गाळण्या बघून कळत नाही. त्यासाठी आधी पाणीवाटपाचा कायदा बघावा लागतो.

लास वेगासला वर्षभरात साधारण १०० मिलिमीटर पाऊस पडतो. ज्या झऱ्यांमुळे तिथे वस्ती झाली ते उपसा वाढत गेला तसे क्षीण झाले आणि १९६२ मध्ये वाहायचे थांबले. आज खोऱ्यातल्या सुमारे २३ लाख लोकांचं आणि दरवर्षी येणाऱ्या कोट्यवधी पर्यटकांचं जवळजवळ ९० टक्के पाणी कोलोरॅडो नदीचं, म्हणजे हूवर धरणामागच्या लेक मीडचं आहे. उरलेलं भूजल.

या नदीच्या खालच्या टप्प्यात तीन राज्यांचे वाटे १९२८ च्या कायद्यात ठरले. आपल्याला टीएमसीचा अंदाज असतो म्हणून त्यात सांगतो. कॅलिफोर्नियाला सुमारे १९२ टीएमसी, ॲरिझोनाला १२२ आणि नेवाडाला फक्त १३. त्या काळी लास वेगास हे काही हजार वस्तीचं रेल्वेचं गाव होतं, शेती जवळपास नव्हतीच, त्यामुळे इतकं पाणी पुरून उरेल असं सगळ्यांना वाटलं. पुण्याच्या वरची खडकवासला साखळीतली चार धरणं मिळून साधारण २९ टीएमसीची आहेत. म्हणजे एका अख्ख्या राज्याचा वाटा त्याच्या निम्म्याहून कमी.

आता मुख्य मुद्दा. ॲरिझोना आणि कॅलिफोर्निया यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये हुकूमनामा दिला. त्यात 'वापर' कशाला म्हणायचं ते ठरवून दिलं आहे: नदीतून जितकं उचललं त्यातून, पुढच्यांना वापरता येईल अशा रीतीने जितकं नदीत परत सोडलं ते वजा करायचं, उरेल तो वापर. पसंतीसाठी घरी नेलेल्या दहा साड्यांपैकी आठ दुकानात परत केल्या तर बिल दोनचंच होतं, तसा हा हिशेब. नेवाडाने १३ टीएमसीच उचलायचं असं बंधन नाही. 'परत न आलेलं' पाणी १३ टीएमसीच्या आत असायला हवं, इतकंच. २०२२ च्या सुमाराला ते ढोबळमानाने २० टीएमसी उचलत होते आणि १० परत करत होते. या वजावटीला तिथे रिटर्न-फ्लो क्रेडिट म्हणतात आणि खोऱ्याचं सगळं पाणीनियोजन याच्यावर उभं आहे.

हे एकदा लक्षात आलं की तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळतं. शुद्ध केलेलं एक लिटर पाणी तलावात सोडलं तर तलावातून आणखी एक लिटर उचलायचा हक्क मिळतो. तेच लिटर जांभळ्या पाइपातून (तिथे शुद्ध केलेल्या सांडपाण्याचे पाइप जांभळे असतात) गोल्फच्या मैदानावर नेलं तर ते हवेत उडून जातं आणि तो हक्कही जातो. मैदानाला तलावाचं ताजं पाणी दिलं काय किंवा शुद्ध केलेलं सांडपाणी दिलं काय, वर्षाअखेरीला हिशेबात एकच आकडा येतो. आपण 'पुनर्वापर' म्हटलं की मनात बाग, कारंजं, टँकर येतात. लास वेगासमध्ये खरा पुनर्वापर डोळ्यांना दिसतच नाही. तो तलावात होतो.

मग तिथे जांभळे पाइप मुळीच नाहीत का? आहेत. खोऱ्याचा पश्चिम भाग उंचावर आहे. तलावाची पातळी समुद्रसपाटीपासून सव्वातीनशे मीटरच्या आसपास, गावाचा मध्य सहाशेच्या पुढे आणि पश्चिमेच्या नव्या वसाहती नऊशेपर्यंत. पश्चिमेचं सांडपाणी उताराने पूर्वेला, तलावाकडे जातं. ते तिथवर जाऊ देऊन, तलावात सोडून, पुन्हा सहाशे मीटर वर चढवण्यापेक्षा वाटेतच छोटं केंद्र बांधून जवळच्या मैदानांना दिलं तर पंपांची वीज वाचते. अशी केंद्रं त्यांनी बांधली. काही पाणी वीज केंद्रांच्या कूलिंगलाही जातं. पण यात वाचते ती वीज. पाणी वाढत नाही. सरकारी पत्रकात 'पुनर्वापर इतके टक्के' असं वाचलं की मी प्रत्येक वेळी विचारतो, हे पाणी एरवी कुठे गेलं असतं? या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय त्या टक्क्यांना अर्थ नाही.

वाळवंटातल्या सगळ्या शहरांना हे उत्तर लागू पडत नाही. फिनिक्सच्या उताराला लेक मीड नाही. त्यांचं शुद्ध केलेलं सांडपाणी कोरड्या नदीपात्रात सोडलं तर शहराला तलावात वजावट मिळत नाही, म्हणून त्यांनी ते शहरापासून दूर असलेल्या पालो वर्दे अणुवीज केंद्राला कूलिंगसाठी विकलं. समुद्र किंवा मोठी नदी जवळ नसलेलं एवढं मोठं अणुवीज केंद्र सांडपाण्यावर चालतं, आणि फिनिक्सच्या हिशेबात ते अगदी बरोबर बसतं. नामिबियाची राजधानी विंडहोकही समुद्रापासून लांब आणि बारमाही नदी जवळ नसलेली. तिथे १९६८ पासून शुद्ध केलेलं सांडपाणी थेट पिण्याच्या पाण्यात मिसळतात. लास वेगासला ती गरज पडली नाही, कारण मध्ये तलाव आहे.

आता पाणी परत कसं जातं ते सांगतो, कारण तुमच्या पहिल्या शंकेचं उत्तर त्या वाटेवर आहे. क्लार्क काउंटी (म्हणजे तिथला जिल्हा), लास वेगास, नॉर्थ लास वेगास आणि हेंडरसन यांची आपापली केंद्रं आहेत. मिळून रोज ७५ कोटी लिटरच्या आसपास पाणी शुद्ध होतं. जाळ्यांतून कचरा काढणं, गाळ बसवणं, मग जिवाणूंच्या टाक्या, हे सगळं आपल्याकडच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांसारखंच. फरक पुढे पडतो. जिवाणूंच्या टाक्यांत हवा कुठे द्यायची आणि कुठे मुद्दाम द्यायची नाही, हे असं बसवलेलं असतं की सेंद्रिय घाणीबरोबर नायट्रोजन आणि फॉस्फरसही निघतात. त्यानंतर बारीक गाळणी, काही ठिकाणी अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यांची, आणि शेवटी अतिनील किरण किंवा ओझोन. बाहेर पडणारं पाणी नितळ असतं, वास जवळपास नसतो.

फॉस्फरसवर इतका भर का? लेक मीडमध्ये शेवाळ वाढायला बाकी सगळं हजर असतं, फॉस्फरस तेवढा कमी असतो. तो मिळाला की शेवाळ माजतं. २००१ मध्ये तसंच झालं, तलावाचा मोठा भाग हिरवा पडला. त्यानंतर फॉस्फरस काढण्याचं काम वर्षभर आणि कसोशीने होऊ लागलं. माझ्या मते कोणत्याही केंद्राची खरी परीक्षा इथे होते. वास आणि रंग घालवणं सोपं आहे. फॉस्फरस लिटरमागे मिलिग्रॅमच्या अंशापर्यंत आणून वर्षानुवर्षं तिथेच ठेवणं, हिवाळ्यात जिवाणू सुस्त झाले तरी ठेवणं, हे चोवीस तास लक्ष देणाऱ्या माणसांशिवाय होत नाही. अशा केंद्रांवर रात्रपाळीला नमुने काढणाऱ्या ऑपरेटरांबद्दल मला मनापासून आदर आहे.

केंद्रांतून निघालेलं पाणी लास वेगास वॉश नावाच्या नाल्यातून तलावाकडे जातं. नाला म्हणतो खरा, पण आज तो बारमाही नदीसारखा वाहतो आणि त्यातलं बहुतेक पाणी या केंद्रांचंच आहे. पूर्वी तिथे पावसापुरतं पाणी यायचं. शहर वाढलं तसं सांडपाणी वाढलं, प्रवाह वाढला आणि त्याने मऊ माती खरवडायला सुरुवात केली. काही ठिकाणी पात्र कित्येक मीटर खोल गेलं. काठची दलदल सुकली. एकेकाळी तिथे सुमारे २,००० एकर पाणथळ होती, १९९० च्या दशकाअखेर ती २०० एकरांवर आली. खरवडलेली माती तलावात जायची आणि तिच्याबरोबर मातीला चिकटलेलं बरंच काही. शेवटी प्रवाहाचा जोर मोडायला पात्रात वीसच्या वर बंधारे बांधले, काठावर स्थानिक झाडं लावली. आता तिथे पक्षी आले आहेत, लोक फिरायला येतात. मुलीला सांगा, हेंडरसनजवळच क्लार्क काउंटी वेटलँड्स पार्क आहे. एका सकाळी तिथे जाऊन तो प्रवाह बघितला की माझं अर्धं उत्तर तिला डोळ्यांनी दिसेल.

हे पाणी सुरक्षित आहे का? मी स्वतः ते पाणी प्यायलो आहे आणि आजही निर्धास्त पिईन. कारणं सांगतो, आणि जिथे सावध राहायला हवं तेही सांगतो.

तलावात येणाऱ्या एकूण पाण्यापैकी वॉशचं पाणी फक्त दोनेक टक्के असतं, बाकी जवळपास सगळं कोलोरॅडोचं. पण नुसत्या मिसळण्यावर विसंबून चालत नाही, कारण पाणी तलावात एकसारखं मिसळत नाही. वॉशचं पाणी जास्त क्षारांचं, म्हणून जरा वजनदार असतं. ते तलावात शिरल्यावर खाली सरकतं आणि आपल्याइतक्या वजनाचा थर सापडला की त्या थरात पसरत जातं. उन्हाळ्यात वरचं पाणी कोमट, खालचं थंड, अशा वेळी ते मधल्या थरात अडकतं. पिण्याचं पाणी उचलायची तोंडं त्याच्याही खाली, थंड थरात असतील तर दोघांची भेट सहसा होत नाही. तलाव जसजसा उतरतो तसतशी वरची तोंडं या मधल्या थराच्या जवळ येतात. २०१५ मध्ये तलावाच्या तळाजवळून पाणी घेणारा तिसरा बोगदा सुरू झाला त्यामागे पातळीची भीती होतीच, पण पाण्याच्या दर्जाचाही विचार होता. एप्रिल २०२२ मध्ये सगळ्यात जुन्या उपशाचं तोंड पाण्याबाहेर उघडं पडलं तेव्हा खोऱ्याच्या पुरवठ्याला धक्का लागला नाही तो या तिसऱ्या बोगद्यामुळे आणि २०२० मध्ये झालेल्या खोल पंपिंग स्टेशनमुळे. हूवर धरणातून एक थेंबही खाली जाऊ शकणार नाही इतका तलाव उतरला तरी हे पंप पाणी उचलू शकतात.

उचलल्यानंतर पिण्याच्या पाण्याच्या केंद्रात ओझोन, गाळणी आणि क्लोरीन. ओझोन का आला याची हकीकत सांगायला हवी. १९९४ मध्ये लास वेगास परिसरात क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीची साथ आली. रोगप्रतिकारशक्ती खचलेल्या एचआयव्ही रुग्णांना तिचा सगळ्यात मोठा फटका बसला, अनेकांचा मृत्यू झाला. तपासात पाण्याच्या नियमांचा भंग आढळला नाही, केंद्र नीट चालत होतं. तरीही नळाचं न उकळलेलं पाणी पिणाऱ्या रुग्णांत आजाराचं प्रमाण जास्त दिसलं. या परजीवीच्या कवचावर क्लोरीनचा फारसा परिणाम होत नाही. ओझोनचा होतो. पुढे दोन्ही मोठ्या केंद्रांत ओझोन बसवला. नियम पाळले म्हणून थांबायचं नाही, हे त्या लोकांनी तेव्हा मनावर घेतलं आणि त्याचा फायदा आज प्रत्येक घराला मिळतो. ओझोनने औषधांचे आणि संप्रेरकांचे बरेचसे अंशही मोडतात. सगळे मोडत नाहीत. सुक्रालोजसारखा कृत्रिम गोडवा सगळ्या प्रक्रियांतून तसाच निघतो, इतका की सांडपाणी कुठवर पोचलं ते शोधायला तो खुणेसारखा वापरतात. त्याचं प्रमाण मात्र अत्यंत सूक्ष्म असतं.

सगळ्यात गंभीर प्रदूषण घरांच्या सांडपाण्यातून आलंच नाही. हेंडरसनमध्ये अनेक दशकं अमोनियम परक्लोरेट बनत होतं, रॉकेटच्या घन इंधनासाठी. त्यातल्या एका कारखान्यात मे १९८८ मध्ये झालेला स्फोट अजून लोकांच्या लक्षात आहे. पण जमिनीत मुरलेलं परक्लोरेट भूजलातून वॉशमध्ये आणि तिथून तलावात जात होतं, हे १९९७ मध्ये उघड झालं. ते थायरॉइडला आयोडीन घेऊ देत नाही, म्हणून गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी त्याची चिंता जास्त. पुढे तिथे भूजल उपसून जिवाणूंकडून परक्लोरेट मोडून घेण्याचं काम सुरू आहे आणि वॉशमधलं प्रमाण ९० टक्क्यांहून जास्त उतरलं आहे. हे मी मुद्दाम लांबवून सांगतो, कारण सांडपाण्याच्या पुनर्वापराबद्दल बोलताना सगळ्यांचं लक्ष संडासाच्या पाण्याकडे जातं. संडासाचं पाणी शुद्ध कसं करायचं ते आम्हाला शंभर वर्षांपासून माहीत आहे. कारखान्याने चोरून किंवा नकळत सोडलेल्या रसायनाचं तसं नाही. म्हणून पुनर्वापराची खरी राखण कारखान्याच्या गटारापाशी व्हायला हवी.

लास वेगासचं पाणी पुढे ॲरिझोना, दक्षिण कॅलिफोर्निया आणि मेक्सिकोपर्यंत जातं. म्हणजे हेंडरसनच्या केंद्रातल्या कामाचा दर्जा लॉस एंजेलिसमधल्या घरालाही लागू होतो. या सततच्या फेऱ्यात एक गोष्ट मात्र निघत नाही, ती म्हणजे मीठ. घरातून एक फेरी झाली की लिटरमागे दोन-तीनशे मिलिग्रॅम क्षार वाढतात. जिवाणू त्यांना हात लावत नाहीत, गाळणी अडवत नाही. शिवाय खोऱ्याच्या जमिनीतलं उथळ, खारट पाणी वॉशमध्ये झिरपतं. हूवर धरणाच्या खाली नदीत क्षारांची मर्यादा लिटरमागे ७२३ मिलिग्रॅम ठरलेली आहे आणि आज ती पाळली जाते. पण तलाव लहान होत गेला आणि परतीचं पाणी वाढत गेलं तर सगळ्यात आधी हा आकडा अडचणीत येईल असं मला वाटतं.

आता शेजाऱ्यांच्या बोलण्यातला 'फारसं बिघडत नाही' हा भाग. पाण्याच्या हिशेबापुरतं ते बरोबर. पण प्रत्येक लिटर तलावातून तीनशे मीटर वर चढवायला वीज लागते, गरम करायला वीज किंवा गॅस लागतो, शुद्ध करायला पुन्हा वीज आणि रसायनं लागतात. आणि पाण्याचं बिल भरावं लागतंच. घर सेप्टिक टँकवर असेल तर तेवढंही खरं नाही. ते पाणी जमिनीत मुरतं, तलावात जात नाही, म्हणून अशी घरं गटाराला जोडून घ्यायला तिथे आर्थिक मदत देतात. घर घेण्याआधी तिने हे नक्की विचारावं.

बाहेर गेलेलं पाणी हा तिथला खरा खर्च. एक चौरस फूट हिरवळीला वर्षाला ७३ गॅलन, म्हणजे पावणेतीनशे लिटर पाणी लागतं. पसरून बघितलं तर ते तीन मीटर खोल होतं, मुंबईच्या वर्षभराच्या पावसाहून जास्त. तिथल्या पाणी प्राधिकरणाने लोकांना हिरवळ काढून ठिबकवरची वाळवंटी झाडं लावायला चौरस फुटामागे पैसे दिले. आतापर्यंत २० कोटी चौरस फुटांहून अधिक हिरवळ निघाली आहे. माझ्या हिशेबाने त्यातून वर्षाला दीड टीएमसीच्या आसपास पाणी वाचत असावं. २००२ मध्ये नेवाडाचा वापर १३ टीएमसीचा वाटा ओलांडून १४ च्या पुढे गेला होता. २०२३ मध्ये तो सव्वाआठच्या आसपास होता, आणि मधल्या काळात लोकसंख्या सात लाखांहून जास्त वाढली होती. हे घरातल्या नळांनी झालेलं नाही. हिरवळ, आणि मोठ्या इमारतींचे कूलिंग टॉवर, जिथून पाणी वाफ होऊन जातं, यांच्यामागे लागून झालं. २०२१ च्या कायद्याने तर रस्त्यांच्या कडेची, ऑफिसांसमोरची, नुसती शोभेची हिरवळ २०२६ संपल्यावर नदीच्या पाण्यावर ठेवायलाच बंदी केली आहे. नव्या व्यापारी इमारतींना पाण्याची वाफ करून थंड होणारी कूलिंग यंत्रणा बसवू देत नाहीत.

या मोहिमेबद्दल माझी एक तक्रार आहे. हिरवळीबरोबर तिच्या फवाऱ्यांवर जगणारी जुनी झाडंही अनेक ठिकाणी गेली. ४५ अंशांच्या उन्हात सावलीचं झाड पाण्याचं मोल पुरेपूर फेडतं. हिरवळ काढताना झाडाच्या मुळांना वेगळं ठिबक देणं हे कंत्राटात सक्तीचं असायला हवं होतं.

सगळं जपून झाल्यावर आणखी पाणी हवं असेल तर ते कुठून आणायचं? नेवाडाच्या प्राधिकरणाने याचं उत्तर कॅलिफोर्नियात शोधलं आहे. लॉस एंजेलिसच्या भागातलं शुद्ध केलेलं सांडपाणी आज पॅसिफिक महासागरात जातं. ते पिण्यायोग्य करून वापरायच्या मोठ्या प्रकल्पात नेवाडाला पैसा घालायचा आहे. त्या बदल्यात कॅलिफोर्नियाने कोलोरॅडोतला आपला थोडा वाटा लेक मीडमध्ये नेवाडासाठी सोडायचा. समुद्रात चाललेलं पाणी अडवलं तरच नदीच्या हिशेबात खरोखर नवं पाणी येतं, हे त्यांना नेमकं कळलं आहे.

पुण्याचे असल्यामुळे हा हिशेब तुम्हाला घरचाच वाटेल. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून उजनीत जातं, आणि उजनीवर सोलापूर तहान भागवतं. म्हणजे रचना लास वेगाससारखीच आहे, शुद्धीकरण आणि हिशेब मात्र तसे नाहीत. मुंढव्याच्या जॅकवेलमधून प्रक्रिया केलेलं पाणी बेबी कालव्यात सोडून शेतीला परत करायचं, ही योजना याच विचारातून आली. पुण्यात शुद्ध केलेलं पाणी बांधकामाला किंवा उद्यानांना दिलं की 'पाणी वाचलं' असं आपण सहज म्हणतो. खडकवासल्यातून तेवढं कमी उचललं तर आणि तरच ते वाचलं, नाहीतर उजनीकडे जाणारं पाणी आपण मध्येच वापरलं इतकाच त्याचा अर्थ. मुंबईचं सांडपाणी समुद्रात आणि खाडीत जातं. तिथे पुन्हा वापरलेला प्रत्येक लिटर खरोखर नवा असेल. नागपूरने शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या औष्णिक केंद्राला दिलं, तिथे त्या केंद्राला लागणारं धरणाचं पाणी मोकळं झालं, म्हणून तो व्यवहार मला चांगला वाटतो.

आता मुलीसाठी कामाच्या गोष्टी. नळाचं पाणी सरळ प्यावं. ते बरंच जड आहे, चहाच्या भांड्यात पांढरा थर बसेल, चवही वेगळी लागेल. चवीसाठी सिंकखाली छोटा आरओ बसवला तर हरकत नाही, त्याचं टाकाऊ पाणी गटारात जातं म्हणजे तलावातच परत जातं. मिठाची पोती घालावी लागणारा सॉफ्टनर मात्र शक्यतो टाळावा. ते मीठ कोणत्याही केंद्रात निघत नाही, सरळ नदीत पोचतं. जुनी औषधं संडासात टाकू नयेत, औषधांच्या दुकानांत ती परत घेण्याच्या पेट्या असतात. ओले वाइप्स, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, कचऱ्यातच टाकावेत. पंपांत गुंतलेले त्यांचे गोळे हाताने काढावे लागतात.

अंगणात हिरवळ असेल तर ती काढायचं अनुदान कामाला सुरुवात करण्यापूर्वी मंजूर करून घ्यावं. आधी उपटली तर पैसे मिळत नाहीत. मेस्किट किंवा पालो वर्दे ही झाडं तिथे छान सावली देतात. ठिबकचं घड्याळ ऋतूप्रमाणे बदलावं लागतं. पाणी घालायचे वार ठरवून दिलेले असतात, रविवारी घालता येत नाही, आणि मे ते ऑगस्ट सकाळी ११ ते संध्याकाळी ७ फवारे बंद ठेवावे लागतात.

आणखी एक. रस्त्याकडेच्या पावसाळी गटाराचा आणि घराच्या सांडपाण्याच्या गटाराचा तिथे संबंध नाही. पावसाळी गटारातलं पाणी कोणत्याही केंद्रात न जाता थेट वॉशमध्ये उतरतं. म्हणून गाडी दारात साबणाने न धुता वॉशिंग सेंटरला न्यावी, तिथलं पाणी गटारात जातं आणि शुद्ध होतं. घराला पोहण्याचा तलाव असेल, आणि तिथे पुष्कळ घरांना असतो, तर तो रिकामा करताना पाणी रस्त्यावर सोडायला मनाई आहे. घराच्या बाजूला जमिनीलगत सांडपाण्याच्या पाइपाचं झाकण असतं, ते उघडून नळी त्यात सोडायची. घर ताब्यात घेताना ते झाकण कुठे आहे ते आधीच्या मालकाकडून तिने दाखवून घ्यावं. अनेक घरांत ते खडीखाली दडलेलं असतं.